लंगडी मेंढरं आणि शेरलॉक होम्स

आमच्याकडे माणूस पोथी वाचत बसला तर लोक त्याला भाविक म्हणतात, पेपर वाचत बसला तर शहाणा म्हणतात. रहस्यकथा वाचताना दिसला, की विचारतात, "काय, रिकामपण आलंय का?" शहरातही फार निराळं नसावं. तिथले जाणकार रहस्यकथेला पंगतीला बोलावतात, पण पाट मांडतात दाराजवळ. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. पंगतीचे मानपान ठरवणं माझं काम नव्हे. पण पीक कसं आलंय हे कसणाऱ्याला कळतं, तसं गोष्ट कशी बांधलीय हे चाळीस-पंचेचाळीस वर्षं वाचणाऱ्यालाही थोडंफार कळतं. तेवढ्या भरवशावर शेरलॉक होम्सबद्दल चार शब्द लिहितोय.

माझ्या वयाच्या बहुतेकांची सुरुवात बाबुराव अर्नाळकरांपासून झाली, तशी माझीही झाली. झुंजार, काळा पहाड, धनंजय. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस आमच्या गावापर्यंत पोचला तो हातोहात फिरून कडा झिजलेल्या पातळ पुस्तकांतून. बऱ्याचदा शेवटचं पान गायब असायचं. मग गुरं राखताना आम्ही पोरं शेवट आपापला लावायचो आणि त्यावरून भांडायचो. अर्नाळकरांनी आम्हाला वाचत पळायला शिकवलं. झुंजार संकटात पडला की त्याच्यामागं आपणही धावायचं, पान कधी उलटलं ते कळायचं नाही. ते सुख लहान नाही. ज्या घरात पुस्तक नव्हतं त्या घरात त्यांनी पुस्तक नेलं.

होम्स पुढं हाती आला तो भालबा केळकरांच्या मराठीतून. केळकर पुण्याच्या नाटकातले माणूस. त्यामुळं असेल, पण त्यांचं मराठी मोठ्यानं वाचलं तरी जिभेला अडखळत नाही. होम्स वाचताना पळून चालत नाही. पळालं की काहीतरी मागं राहतं आणि शेवटी तेच नेमकं कामाचं निघतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आर्थर कॉनन डॉयल हा पेशानं डॉक्टर. जन्म १८५९चा, मृत्यू १९३०चा. होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली आली, दुसरी १८९०मध्ये. जुलै १८९१पासून 'स्ट्रँड' मासिकात कथा येऊ लागल्या आणि लोक वेडे झाले. डॉयल मात्र कंटाळला. डिसेंबर १८९३च्या कथेत त्यानं होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसा केला. वाचकांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून १९०३मध्ये परत जिवंत करावा लागला. १९२७पर्यंत हे चाललं. एकूण चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा. जवळजवळ सगळ्या सांगतो तो होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. वॉटसन सांगतो, म्हणजे ही मुळातच सांगायची गोष्ट आहे. शेकोटीला बसून एखाद्यानं 'तर मंडळी, त्या रात्री काय झालं' म्हणावं, तशी. म्हणून ती कानानं घ्यायलाही चालते. हे मला उशिरा कळायचं कारण म्हणजे ऐकायची वेळच उशिरा आली. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धूळ, वाकणं आणि वाचणं, तिन्ही काही दिवस बंद केलं. शेतकऱ्याचं तिथंच सगळं संपलं. पोरानं मोबाईलवर मराठीत होम्सच्या गोष्टी लावून दिल्या. डोळा बरा झाला तरी सवय राहिली. आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाइट आठवड्याआड रात्रीची असते. रात्री उसाला दारं धरायला गेलं, की एका कानात होम्स. दुसरा कान मोकळा ठेवावा लागतो. पाट फुटला तर पाण्याचा आवाज बदलतो, तो ऐकू आला पाहिजे.

योगायोग असा की डॉयलही डोळ्यांचाच डॉक्टर व्हायला निघाला होता. १८९१ साली त्यासाठी तो व्हिएन्नाला गेला आणि परत येऊन लंडनमध्ये दवाखाना थाटला. रोगी काही येईनात. त्या मोकळ्या वेळात त्यानं होम्सच्या कथा लिहिल्या. आणि डिसेंबर १८९२मध्ये आलेल्या ज्या कथेबद्दल मला मुख्य बोलायचंय, त्या 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये मेलेल्या माणसाच्या हातात जो नाजूक चाकू सापडतो, तो मोतीबिंदू काढायचा असतो. वॉटसन तो बघताक्षणी ओळखतो.

पुढं मी या कथेचं रहस्य फोडणार आहे. ज्यांना आधी कथाच वाचायचीय त्यांनी इथं थांबावं. पण माझा अनुभव असा, की रहस्य कळल्यावर जी गोष्ट मरते ती पहिल्यापासूनच अर्धमेली असते. ही मी सहा-सात वेळा घेतली असेल, दोन्ही प्रकारे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं माळरान आहे. खडकाचे सुळके, दलदल, धुकं, मोकळी फिरणारी तट्टं. तिथल्या एका तबेल्यातून सिल्व्हर ब्लेझ हा शर्यतीचा नामांकित घोडा रातोरात नाहीसा होतो. त्याला तयार करणारा जॉन स्ट्रेकर माळावर मरून पडलेला सापडतो, कपाळ फुटलेलं. तबेल्यात राखणीला बसलेल्या पोराला मटणाच्या रश्श्यातून अफू दिलेली असते. संध्याकाळी तबेल्याभोवती घोटाळणाऱ्या एका बाहेरच्या माणसाला पोलिसांनी धरलेलं असतं. पोलिसांचा माणूस हुशार आहे, मेहनती आहे, फक्त त्याला कल्पना लढवता येत नाही.

होम्स काय करतो? तो रश्श्याचा विचार करतो. अफूला चव असते. साध्या जेवणात ती लगेच कळली असती, झणझणीत रश्श्यात दबली. मग त्या रात्री घरात रस्साच व्हावा हे बाहेरचा माणूस कसं ठरवणार? ते घरातलंच कुणी ठरवू शकतं. आमच्या घरात ही गोष्ट चालू असताना चुलीपुढं बसलेली आमची मंडळी होम्सच्या आधी म्हणाली, "अहो, कालवण काय करायचं ते पाहुणा ठरवत नसतो." स्वयंपाकघरातलं एवढं साधं शहाणपण घेऊन डॉयलनं अर्धं रहस्य बांधलंय.

दुसरी खूण कुत्र्याची, आणि ती तर जगप्रसिद्ध आहे. रात्री तबेल्यात कुणीतरी शिरलं, घोडा बाहेर काढला, पण तिथलं कुत्रं माळ्यावर झोपलेली पोरं जागी होतील इतकंही भुंकलं नाही. म्हणजे आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. पुस्तकात ही जागा वाचताना डोकं खूश होतं. ऐकताना अंगावर काटा येतो. कारण ही खूणच कानाची आहे. मोटर चालू करून बांधावर आडवा झालेला माणूस तिच्या घरघरीत गाढ झोपतो, आणि मोटर बंद पडली की खाडकन जागा होतो. आवाज झाल्यानं नव्हे, आवाज थांबल्यानं. रात्री शेतात झोपलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. जे ऐकू यायला हवं होतं ते आलं नाही, यावर रहस्य उभं करायचं सुचणं ही फार मोठी गोष्ट आहे.

तिसरी खूण मेंढरांची. तिच्यावरच माझा जीव जास्त आहे. तबेल्याजवळ थोडी मेंढरं चरत असतात. होम्स जाता जाता ती राखणाऱ्या पोराला विचारतो, हल्ली मेंढरांना काही झालंय का? पोरगं म्हणतं, फार काही नाही, तीन लंगडायला लागलीत. होम्सला आनंद होतो. घोड्याच्या मालकाला त्यात काहीच वाटत नाही. नंतर कळतं, की घोड्याच्या पायाची शीर बारीक कापून त्याला शर्यतीत लंगडा पाडायचा स्ट्रेकरचाच डाव होता. हात बसावा म्हणून त्यानं आधी मेंढरांवर सराव केला. त्या रात्री माळावर खळग्यात नेऊन काडी पेटवली, घोडा बुजला, लाथ बसली. खुनी म्हणून शोधत होते तो घोडाच. आणि त्याचा काही गुन्हा नव्हता, जीव वाचवायला लाथ मारली होती.

आता छापील आणि ऐकीव यातला फरक सांगतो. छापील पानावर तो मेंढरांचा सवालजवाब दोन-चार ओळींत उरकतो. मालक श्रीमंत, घोडा नामांकित, पैज मोठी. डोळा त्यांच्या मागं जातो, राखणीच्या पोराजवळ थांबत नाही. ऐकताना पुढं पळता येत नाही. सांगणारा ज्या चालीनं चालेल त्याच चालीनं चालायचं. त्या पोराचं वाक्य आलं आणि सांगणाऱ्यानं त्याला त्याचा आवाज दिला, जरा दबकून बोलणारा, की ते पोरगं समोर उभं राहतं. मग लक्षात येतं, की या पोराला सगळं माहीत होतं. पोलीस येऊन गेले, साहेब येऊन गेले, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. 'फार काही नाही' असं तो म्हणतो, कारण आपण सांगितलेल्याला किंमत असते असं त्याला कुणी कधी वाटू दिलेलं नाही.

होम्सची बुद्धी, त्याचं भिंग, राखेवरून तंबाखू ओळखणं याचं लोकांना भारी कौतुक. मला वाटतं त्याचा खरा मोठेपणा विचारण्यात आहे. तो मोलकरणीला, घोडेवाल्याला, रस्त्यावरच्या पोरांना विचारतो आणि उत्तर ऐकून घेतो. राबणाऱ्या माणसाकडं माहिती असते. ती घ्यायला वाकावं लागतं, आणि मोठ्या माणसांची कंबर तेवढ्यापुरती आखडते. आमच्या शिवारात पिकाचं नुकसान बघायला येणारे बांधावरून फोटो काढून जातात. पाणी कुठून शिरलं हे ज्या गड्याला माहीत असतं, तो लांब उभा असतो. मेंढरांजवळच्या त्या पोरासारखा.

ऐकण्याचं कौतुक केलं, तरी कागदाचं माप कागदालाच. रहस्यकथेचा इमान असा, की सगळे पत्ते वाचकापुढं आधी मांडले पाहिजेत. ते मांडले होते की नाही, हे तपासायला मागं जावं लागतं. ऐकताना मागं जाणं म्हणजे चिखलाच्या बोटानं मोबाईलची पट्टी सरकवणं, भलतीकडंच जाते. पुस्तकात बोट घालून पान धरता येतं. 'सिल्व्हर ब्लेझ' मी तसं तपासलंय. रस्सा, कुत्रं, मेंढरं, चाकू, आणि स्ट्रेकरच्या खिशात सापडलेलं महागड्या झग्याचं बिल, सगळं उलगड्याच्या आधी आलेलं आहे. बनवाबनवी नाही.

दोष नाहीत असं नाही. शर्यतीच्या घोड्यांबद्दल आपल्याला काही माहिती नव्हती आणि जाणकारांनी या कथेची चिरफाड केली, हे डॉयलनं स्वतःच आपल्या आठवणींत हसत लिहून ठेवलंय. मला दिसणारा दोष मेंढरांचा आहे, आणि तोही मला एका धनगरानं दाखवला. दरवर्षी माझ्या रानात तो मेंढरं बसवतो. एका रात्री त्याला ही गोष्ट सांगितली. सगळी ऐकून घेऊन तो म्हणाला, "पाटील, ओल असली की मेंढराची खुरं कुजत्यात, मग दोन-चार लंगडायचीच. त्येवढ्यावरनं कुनाला काय कळायचं? कंच्या पायानं लंगडत हुती, सांगा की. तिन्ही एकाच पायानं लंगडत असतील, तर मानसाचा हात म्हनायचा."

मी पुस्तक काढून बघितलं. कोणता पाय, ते डॉयलनं लिहिलेलं नाही. होम्सनंही विचारलेलं नाही. नेम लागला म्हणून तो खूश होतो आणि पुढं जातो. पण त्याच धनगराच्या बोलण्यात डॉयलची हुशारीही आहे. ओल्या रानात मेंढरू लंगडणं रोजचंच, म्हणून राखणाऱ्या पोराला ते 'फार काही नाही' वाटलं. रोजच्या गोष्टीत खूण लपवली तर ती कुणाला दिसत नाही.

कादंबऱ्यांत 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' सगळ्यात सरस. १९०१-०२ साली ती मासिकातून क्रमशः आली आणि तीही डार्टमूरवरच घडते. सैतानी कुत्र्याचा शाप असलेलं घराणं, दलदल, रात्री येणारा हुंदक्यासारखा आवाज. मधल्या बऱ्याच भागात होम्स नाही. वॉटसन एकटा माळावर राहून त्याला पत्रं लिहितो. छापील पुस्तकात हा भाग थोडा लांबतो. अंधारात, गुडघाभर उसात उभं राहून ऐकला तर तोच भाग सगळ्यात चांगला वाटतो. तट्टू दलदलीत रुततं, मान वर काढून ओरडतं आणि दिसेनासं होतं, तिथं मी दारं मोडायचं सोडून पाण्याकडं बघत उभा होतो.

याही कादंबरीत खूण साधीच आहे. लंडनच्या हॉटेलातून तरुण वारसाचा एक बूट चोरीला जातो, कोरा करकरीत. तो परत मिळतो, आणि मग जुना वापरलेला बूट जातो. कोऱ्या बुटाला माणसाचा वास नसतो. कुत्र्याला माग द्यायचा तर वापरलेलाच बूट हवा. बुटावर अशी नजर ठेवणारा लेखक दाद घेऊन जातो. मात्र कुत्र्याच्या तोंडाला फॉस्फरस लावून ते रात्री चमकतं असं दाखवलंय, ते मला पटत नाही. त्याच्या वासानं कुत्र्याचं नाक बिघडू नये म्हणून खास मिश्रण केलं होतं, असं सांगून डॉयल अर्धी शंका मिटवतो. पण कुत्रं तोंडाला लागलेलं चाटल्याशिवाय राहतं का? आणि फॉस्फरस म्हणजे विष. कुत्रं पाळलेला माणूस इथं मान हलवणार.

शेवटचा मुद्दा गावाचा. 'कॉपर बीचेस' या १८९२च्या कथेत आगगाडीतून हिरवी शेतं आणि लांब लांब विखुरलेली घरं दिसतात. वॉटसनला ती सुंदर वाटतात, होम्सला भीती वाटते. त्याचं म्हणणं असं, की शहराच्या गल्लीत किंकाळी शेजाऱ्याला ऐकू जाते. इथं एकट्या घरात काय चाललंय ते कुणाला कळणार? विलायतेत वस्त्या विखुरलेल्या असतील, तिथं ते खरं असेल. आमच्या गावात घराला घर लागून आहे. आमच्याकडं कळत नाही असं काही नसतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या शिवारात एका विहिरीवरची मोटर गेली. विहिरीवर कुत्रं बांधलेलं होतं. ते भुंकलं नाही. सकाळी विहिरीच्या कडेला दहा-बारा माणसं जमली. कुत्रं भुंकलं नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, आणि ते कुणाला भुंकत नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं होम्सची गरज नव्हती. एकानं तंबाखू मळली, दुसऱ्यानं पावसाचा विषय काढला. ज्याची मोटर गेली तोही काही बोलला नाही. ज्याचं नाव घ्यायचं त्याच्याच रानातून याची पाइपलाइन गेलेली. पुढं त्यानं उसनवारी करून नवी मोटर बसवली.

म्हणून मला वाटतं, होम्सच्या गोष्टी जिथं संपतात तिथं आमच्या सुरू होतात. कोणी केलं हे सांगून झालं की होम्स संध्याकाळच्या गाडीनं लंडनला परत जातो. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच पाणंदीनं गुरं न्यायची नसतात. डॉयलला हे थोडंफार कळत असावं. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये सुटलेला घोडा शेजारच्या तबेलेवाल्यानं रंग लावून लपवलेला असतो. होम्सला ते ठाऊक आहे. पण मालकाला तो एवढंच सांगतो, की तुमच्या एका शेजाऱ्यानं घोडा सांभाळला, आता तिकडं जरा माफी द्या. नाव घेत नाही. सगळ्या रहस्यात हे एकच नाव तो गिळतो, आणि ते शेजाऱ्याचं असतं. पहिल्या वाचनात मला हा त्याचा दिलदारपणा वाटला होता. विहिरीवरची ती सकाळ बघितल्यानंतर ही जागा वाचताना तसं वाटेनासं झालं.

नव्यानं होम्स धरणाऱ्याला माझं सांगणं असं: 'सिल्व्हर ब्लेझ'नं सुरुवात करा. आधी ऐका, रात्री, एकट्यानं, काम करत ऐकलंत तर अजून चांगलं. मग पुस्तक आणून तीच कथा पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक खुणेखाली रेघ मारा. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर मात्र रेघ मारू नका, नाहीतर पुढच्याला सगळं आधीच कळायचं. त्यानंतर 'बास्करव्हिल्स' घ्या. आणि घरात कुणी मेंढरं, कुत्री, गुरं राखलेलं म्हातारं माणूस असेल, तर त्याला सोबत बसवा. मधे थांबवून विचारा, तुम्हाला काय वाटतं म्हणून. पहिल्यांदा ते म्हणेल, "मला काय कळतंय त्यातलं?" तरी परत विचारा.